एका साच्यात किती रिव्हॉल्व्हरं बसतात?

रिव्हॉल्व्हरच्या परवान्यासाठी माणूस वर्षभर हेलपाटे घालतो आणि कोणतं शस्त्र घ्यावं हे दहा जणांना विचारतो. ते ज्यात ठेवायचं ते होल्स्टर मात्र दुकानदार हातात देईल ते घेऊन येतो. आमच्याकडे त्याला होल्स्टर कुणी म्हणत नाही, कव्हर म्हणतात. गेल्या काही वर्षांत या कव्हरांमध्ये साच्यात घडवलेली कडक प्लास्टिकची भर पडली. त्यांच्या वेष्टनावर 'लहान रिव्हॉल्व्हरसाठी', 'दोन इंची नळीसाठी' असं काहीतरी छापलेलं असतं. एका नमुन्यावर घडवलेलं हे होल्स्टर दुसऱ्या नमुन्याच्या लहान रिव्हॉल्व्हरला चालतं का, हा प्रश्न त्यातूनच निघाला. अमेरिकेत त्यावर बरीच वर्षं खल चालू आहे. आपल्याकडे त्याला वेगळं वळण लागलं, कारण आपली रिव्हॉल्व्हरंच वेगळी आहेत.

नांदेड जिल्ह्यात मुदखेडला केंद्रीय राखीव पोलीस दलाचं प्रशिक्षण केंद्र आहे, शेजारच्या लातूर जिल्ह्यात चाकूरला सीमा सुरक्षा दलाचं. दलाच्या आत हा प्रश्न सहसा उद्भवत नाही. तिथे ठरलेल्या नमुन्याचं पिस्तूल मिळतं आणि त्याच नमुन्याचं होल्स्टर. अडचण येते ती दलातून निवृत्त होऊन स्वतःच्या नावावर परवाना काढणाऱ्याला, सराफाला, पेट्रोल पंपवाल्याला, गावापासून लांब आखाड्यावर राहणाऱ्या शेतकऱ्याला. त्याच्याकडचं रिव्हॉल्व्हर कधी कानपूरच्या सरकारी कारखान्याचं असतं, कधी आजोबांच्या काळातलं विलायती, आणि कव्हर भलत्याच शस्त्राचं.

कातड्याकडून प्लास्टिककडे

साच्याची कल्पना प्लास्टिकच्या आधीची आहे. झाडाच्या सालीनं कमावलेलं कातडं पाण्यात भिजवलं की मऊ होतं. ते शस्त्राभोवती दाबून सावलीत वाळवलं की तो आकार धरून ठेवतं. बाभळीची साल, हिरडा आणि दख्खनच्या माळावर कुठंही उगवणारा तरवड ही आपल्याकडची कमावण्याची जुनी द्रव्यं. क्रोम लावून कमावलेलं कातडं मऊ आणि टिकाऊ असतं, पण आकार धरत नाही. बाजारातली स्वस्त कव्हरं ढिली का पडतात, याचं एक कारण हे.

अमेरिकेत १९५० च्या दशकात लपवून बाळगायच्या लहान रिव्हॉल्व्हरसाठी घट्ट घडवलेल्या कातडी होल्स्टरचं चलन वाढलं. पुढे १९६५ च्या सुमारास रोहम अँड हास या रासायनिक कंपनीनं विमानाच्या अंतर्भागासाठी कायडेक्स नावाचं प्लास्टिक बाजारात आणलं. ॲक्रिलिक आणि पीव्हीसीचं हे मिश्रण तापवलं की कणकेसारखं वाकतं आणि थंड झाल्यावर कडक होतं. १९७० च्या दशकात एफबीआयमध्ये नोकरी केलेल्या बिल रॉजर्स यांनी त्यापासून होल्स्टरं करायला सुरुवात केली. आज दीड ते अडीच मिलिमीटर जाडीचा तक्ता भट्टीत तापवून, खऱ्या शस्त्रावर किंवा त्याच्या भरीव नकलेवर दाबून एका खोलीतही होल्स्टर तयार होतं.

दुसरी पद्धत कारखान्याची. पोलादी साच्यात वितळलेलं प्लास्टिक दाबानं भरतात. साचा महाग असतो, म्हणून तो एकाच नमुन्यापुरता ठेवणं परवडत नाही. कारखानदार एकाच होल्स्टरवर चार-पाच रिव्हॉल्व्हरांची नावं का छापतो, याचं निम्मं उत्तर या हिशेबात आहे. उरलेलं निम्मं शस्त्रांच्या मापात सापडतं, आणि तिथे कारखानदाराची बाजू अगदीच लंगडी नाही.

'बसतं' म्हणजे नेमकं काय

होल्स्टर बसलं असं तीन गोष्टी जमल्यावर म्हणावं. शस्त्र तळापर्यंत आत जायला हवं. उलटं धरून हलवलं तरी पडायला नको. आणि चाप, म्हणजे ट्रिगर, पूर्ण झाकलेला हवा, फटीतून बोट किंवा किल्ली आत शिरता कामा नये. यातली पहिली गोष्ट सगळे पाहतात, दुसरी काही जण पाहतात, तिसरी फारच थोडे.

कडक होल्स्टर शस्त्राला नळीपाशी धरत नाही. पिस्तुलात पकड मुख्यतः चापाभोवतालच्या कडीवर, ट्रिगर गार्डवर असते. रिव्हॉल्व्हरमध्ये तिच्या जोडीला चौकटीचा पुढचा भाग आणि सिलिंडरचा फुगवटा येतो. नळी त्यामानानं गौण आहे. होल्स्टर खालून उघडं असेल तर नळी इंचभर लांब असली तरी फक्त बाहेर डोकावते. आखूड असेल तर आत राहते. त्यामुळे वेष्टनावरची 'दोन इंच', 'तीन इंच' ही मापं ग्राहकाला वाटतात तितकी निर्णायक नसतात.

बोअरचं, म्हणजे नळीच्या आतल्या व्यासाचंही तसंच. स्मिथ अँड वेसनच्या ज्या लहान चौकटीला जे-फ्रेम म्हणतात, ती १९५० मध्ये पाच गोळ्यांच्या .३८ रिव्हॉल्व्हरसाठी आली. त्याच चौकटीवर कंपनीनं सहा गोळ्यांची .३२ रिव्हॉल्व्हरंही केली. दोन्हींचा बाह्याकार इतका जवळचा आहे की एकाचं घडीव होल्स्टर दुसऱ्याला बहुधा चालून जातं. उलट कानपूरचं .३२ आणि स्मिथ अँड वेसनचं .३२ एकच काडतूस चालवतात, तरी एकाच्या साच्यात दुसरं बसत नाही. आपल्या दुकानांत कव्हर मागताना पहिला प्रश्न 'किती बोअर?' असा येतो. तो चुकीचा प्रश्न आहे.

चर्मकार ज्यावर जोडा चढवतो त्या कलबुताशी या साच्याची तुलना चपखल आहे. जोडा पायाची लांबी पाहून केलेला असला तरी चावतो किंवा निसटतो तो चवड्यापाशी. रिव्हॉल्व्हरचा चवडा म्हणजे सिलिंडर आणि चापाची कडी.

दोन टोकांची मतं, आणि मधलं एक

पहिलं मत कुटुंबाचं. या मताचे लोक म्हणतात की लहान रिव्हॉल्व्हरं शेवटी एकमेकांची नातलग आहेत. जे-फ्रेमचं सिलिंडर सुमारे ३३ मिलिमीटर जाड, २००९ मध्ये आलेल्या रुगर एलसीआरचं त्याहून किंचित बारीक. दोन्हींच्या नळ्या पावणेदोन-दोन इंचांच्या. टॉरस ८५ ही तर जे-फ्रेमचीच धाकटी बहीण म्हणावी अशी. अर्धा मिलिमीटर इकडे-तिकडे असेल तर प्लास्टिक तेवढं वाकतं, आणि बहुतेक होल्स्टरांना पकड कमी-जास्त करायचा स्क्रू असतो, खाली रबरी वॉशर असतात. सामान्य माणसाला एवढं पुरेसं आहे, असं हे मत. कातडी आणि नायलॉनच्या होल्स्टरांपुरतं ते खरं आहे. ती सैलसर असतात, थोडा फरक पोटात घालतात.

दुसरं मत नेमकेपणाचं. हे लोक सांगतात की फरक फक्त जाडीत नसून रेषांमध्येही आहे. एलसीआरचा खालचा भाग पॉलिमरचा आणि गुबगुबीत आहे, त्याच्या चापाची कडी जे-फ्रेमपेक्षा वेगळ्या वळणाची आहे. जे-फ्रेमसाठी घट्ट घडवलेल्या कायडेक्समध्ये एलसीआर घातलं तर ते कडीपाशी अडतं, तळाला टेकत नाही. जोर लावून ढकललं तर जातं, पण मग काढताना कमरेचा पट्टाच वर ओढला जातो. रुगर एसपी-१०१ पोलादी आणि जाड, किंबर के-६एस सहा गोळ्यांचं, जुनं कोल्ट डिटेक्टिव्ह स्पेशलही सहा गोळ्यांचं, त्यामुळे त्यांची सिलिंडरं रुंद.

एका कुटुंबातही घोळ आहेच. स्मिथ अँड वेसनचं ६४२ आणि ६४० शेजारी ठेवा. दोन्हींना बाहेर दिसणारा घोडा, म्हणजे हॅमर, नाही, दोन्ही पाच गोळ्यांची. पण ६४२ मध्ये रिकामी काडतुसं ढकलणारी सळई नळीखाली उघडी राहते, तर ६४० मध्ये तिच्याभोवती नळीच्या टोकापर्यंत पोलादाचं भरीव कवच आहे. ६४२ च्या साच्यात त्या कवचाला जागाच नसते. आणि ज्या नमुन्यांना मागे घोडा बाहेर आलेला असतो, उदाहरणार्थ मॉडेल ३६, त्यांना बिनघोड्याच्या नमुन्यासाठी केलेलं उंच पाठीचं होल्स्टर घोड्यापाशी अडचण करतं.

हे दुसरं मत मला जास्त पटतं. पण ते बऱ्याचदा होल्स्टर विकणाऱ्यांच्याच तोंडून येतं, आणि प्रत्येक नमुन्याला नवं होल्स्टर विकण्यात कुणाचा फायदा आहे हे सांगायला नको.

मधलं मत संकराचं आहे. शरीराकडची बाजू कातड्याची, बाहेरची कवची कायडेक्सची. कातडं शरीराला टोचत नाही आणि थोडा फरक सामावून घेतं, कवची चाप झाकते. यात दोन्हींचे गुण येतात असं सांगतात. वापरणारे सांगतात की दोन्हींचे दोषही येतात. कातडं घामानं मऊ पडलं की कवचीचा कोन बदलतो.

कानपूरचा पेच

वरचा सगळा वाद अमेरिकेत चालणाऱ्या रिव्हॉल्व्हरांचा. नांदेड-लातूरकडे ती फार थोड्यांकडे आहेत. खासगी माणसानं परदेशातून शस्त्र आणणं १९८० च्या दशकापासून जवळपास बंद आहे. आज जी विलायती रिव्हॉल्व्हरं फिरतात ती त्याआधी आलेली, वारसाहक्कानं किंवा खरेदीनं हात बदलत राहिलेली. .३८ बोअर सर्वसाधारण परवान्यात येत नाही, म्हणून त्यांतही .३२ चीच संख्या जास्त. नवं घ्यायचं तर बहुधा कानपूर.

कानपूरचं नेहमीचं .३२ रिव्हॉल्व्हर इंग्रजांच्या वेब्ली मार्क ४ च्या घडणीवरून आलं. ते मधून मोडतं. वरची कळ दाबली की नळी आणि सिलिंडर दोन्ही पुढे झुकतात, काडतुसं वर येतात. त्यासाठी चौकटीच्या पुढच्या-खालच्या कोपऱ्यात बिजागरी आहे. जे-फ्रेमच्या साच्यात नेमक्या त्याच ठिकाणी प्लास्टिक आत दबलेलं असतं, कारण पकड तिथेच हवी. त्यामुळे कानपूरचं रिव्हॉल्व्हर तिथे अडतं. वरच्या डाव्या बाजूला, घोड्याच्या पुढे, अंगठ्यानं दाबायची कळ आहे. होल्स्टरची कडक कड तिच्यावर टेकत असेल तर आत-बाहेर करताना ती दाबली जाण्याचा धोका राहतो. अर्धवट उघडलेलं रिव्हॉल्व्हर गरजेच्या वेळी निरुपयोगी. अमेरिकी होल्स्टर घडवणाऱ्यांना या कळीचा विचार करायचं कारण नव्हतं. त्यांच्याकडे अशी रिव्हॉल्व्हरं संग्रहात असतात, कमरेला नसतात.

दिल्लीच्या डिसेंबर २०१२ च्या सामूहिक बलात्काराच्या घटनेनंतर, २०१४ च्या जानेवारीत कानपूरहून 'निर्भीक' आलं. महिलांसाठी म्हणून जाहिरात झाली. टायटॅनियम मिश्रधातू, वजन अर्ध्या किलोच्या आसपास, किंमत सव्वा लाखाच्या घरात, आणि सोबत दागिन्यांच्या डबीसारखी मरून पेटी. पेटीची चर्चा भरपूर झाली. ते रिव्हॉल्व्हर पर्समध्ये ठेवणाऱ्या बाईनं चाप कशानं झाकायचा, यावर फारसं कुणी बोललं नाही. त्यानंतर इशापूरच्या कारखान्यानं .२२ बोअरचं, पाव किलो वजनाचं 'निडर' काढलं. ते निर्भीकच्या होल्स्टरमध्ये घातलं तर खुळखुळ्यासारखं हलेल. लहान रिव्हॉल्व्हर या एकाच शब्दात ही दोन्ही येतात.

आयुध कारखान्यांच्या १ ऑक्टोबर २०२१ च्या पुनर्रचनेनंतर कानपूरची ही शाखा ॲडव्हान्स्ड वेपन्स अँड इक्विपमेंट इंडिया या सरकारी कंपनीत गेली. तिनं २०२३ मध्ये 'प्रबल' आणलं. सुमारे ७०० ग्रॅम वजन, ७६ मिलिमीटरची नळी, पन्नास मीटरचा पल्ला, आणि आपल्या प्रश्नाच्या दृष्टीनं महत्त्वाची गोष्ट म्हणजे सिलिंडर बाजूला झुकतं. बिजागरी गेली, वरची कळ गेली. आकार अमेरिकी घडणीच्या जवळ सरकला. यामुळे अमेरिकी साचे प्रबलला चालतील अशी काहींना आशा आहे. ती खरी ठरेलच असं नाही. सिलिंडर बाजूला झुकतं एवढ्यावरून चापाची कडी त्याच वळणाची निघत नाही.

शस्त्राच्या मापानं होल्स्टर घडवून घ्यावं, तर दुसरीच अडचण येते. परवाना नसलेल्याच्या ताब्यात शस्त्र देणं कायद्यात बसत नाही. चर्मकाराकडे चार दिवस रिव्हॉल्व्हर ठेवून येता येत नाही. परदेशातले कारागीर भरीव निळ्या नकला वापरतात, पण त्या तिकडच्या नमुन्यांच्या. आपल्याकडे उरतो तो एकच मार्ग. मालकानं शस्त्र रिकामं करून समोर बसायचं, कातडं भिजवून ते पातळ प्लास्टिकमध्ये गुंडाळलेल्या रिव्हॉल्व्हरवर आपल्या देखत दाबून घ्यायचं, आणि आकार उमटला की शस्त्र घेऊन उठायचं. कातडं मागाहून वाळतं. चांगला कारागीर सिलिंडरच्या पुढची खाच आणि कडीची कड हाडाच्या किंवा लाकडी पट्टीनं दाबून काढतो, आणि होल्स्टरचा सगळा जीव त्या दोन रेषांत असतो. कायडेक्सला ही सोय थोडी अवघड, कारण तिथे भट्टी आणि दाबयंत्र कारागिराच्या जागी असतं आणि तापलेला तक्ता शस्त्रावरच दाबायचा असतो.

नियम काय सांगतात

२०१६ च्या शस्त्र नियमावलीत सार्वजनिक ठिकाणी पिस्तूल-रिव्हॉल्व्हरसारखं लहान शस्त्र कसं न्यायचं हे स्पष्ट आहे. ते अंगावर बांधलेल्या, त्यासाठी बनवलेल्या किंवा त्यासाठी जुळवून घेतलेल्या होल्स्टरमध्ये, नाहीतर पिशवीसारख्या तत्सम साधनात असावं. पूर्ण झाकलेलं असावं आणि बाळगणाऱ्याचा त्यावर ताबा असावा. शस्त्र परजायला, मिरवायला मनाई आहे. मराठवाड्यात कमरेचं रिव्हॉल्व्हर दिसेल असा शर्ट खोचणारे कमी नाहीत. बीड जिल्ह्यातल्या मस्साजोगच्या सरपंचाच्या खून प्रकरणानंतर शस्त्र परवान्यांची जी झाडाझडती सुरू झाली, तिच्यात हवेत गोळीबाराच्या आणि हातात शस्त्र घेतलेल्या चित्रफितींचा वाटा होता.

नियम झाकण्याबद्दल आणि ताब्याबद्दल बोलतो. होल्स्टर त्याच नमुन्याचं असावं असं तो कुठे म्हणत नाही. सैल होल्स्टरमधून रिव्हॉल्व्हर पडलं तर ताबा होता का, हा प्रश्न मात्र उरतो. १ ऑक्टोबर २०२४ ला मुंबईत अभिनेते गोविंदा यांच्या पायाला त्यांच्याच परवान्याच्या रिव्हॉल्व्हरची गोळी लागली. रिव्हॉल्व्हर कपाटात ठेवताना हातातून निसटलं, असं तेव्हा सांगण्यात आलं. त्या घटनेत होल्स्टरचा दोष होता असं कुणी म्हटलेलं नाही, मीही म्हणत नाही. भरलेलं रिव्हॉल्व्हर एका जागेवरून दुसऱ्या जागी नेण्याचा तो अर्धा क्षण किती नाजूक असतो, एवढं मात्र तिथे दिसलं.

ऊन, घाम आणि निवडणूक

कायडेक्सला साधारण ऐंशी अंश सेल्सिअसच्या आसपास मऊपणा यायला लागतो. आपल्याकडे मे महिन्यात सावलीतला पारा बेचाळीस-चव्वेचाळीसवर जातो, आणि उन्हात बंद उभ्या गाडीच्या डॅशबोर्डवर काळं प्लास्टिक त्याहून कितीतरी तापतं. अशा ठिकाणी महिनोन्‌महिने पडलेलं होल्स्टर किंचित उघडतं आणि पकड जाते. ते होल्स्टर मुळात बरोबर नमुन्याचं असलं तरी पुढे तसं राहत नाही.

कातड्याचा शत्रू पावसाळा. ओल धरतं, बुरशी येते, आणि कमावणीतली द्रव्यं पोलादाला चिकटून गंज चढवतात. म्हणून जाणते लोक सांगतात, रिव्हॉल्व्हर कातड्यात न्यावं, पण साठवू नये. निवडणुकीच्या काळात शस्त्रं बऱ्याचदा पोलीस ठाण्यात जमा करावी लागतात आणि कव्हर घरी राहतं. नांदेडला २०२४ मध्ये लोकसभेची निवडणूक झाली, मग विधानसभेसोबत लोकसभेची पोटनिवडणूकही झाली. महिनोन्‌महिने रिकामं राहिलेलं कातडी होल्स्टर आखडतं किंवा दबतं. शस्त्र परत आलं की ते पुन्हा बसतं का, हे पाहायला हवं.

जे अजून सुटलेलं नाही

सर्वांत मोठा न सुटलेला मुद्दा मोजमापाचा. 'बसतं' हे ठरवायला सर्वमान्य कसोटी नाही. शस्त्र किती जोरानं खेचल्यावर निघावं आणि कितीपर्यंत टिकावं, याबद्दल पोलिसांच्या होल्स्टरांत पकडीचे टप्पे सांगायची पद्धत आहे. खासगी, लपवून बाळगायच्या होल्स्टरांत ती नाही. प्रत्येक विक्रेता आपापल्या अनुभवानं 'चालतं' म्हणतो.

दुसरा मुद्दा आपल्या कारखान्यांचा. रिव्हॉल्व्हर कानपुरात तयार होतं, आणि घोड्याच्या खोगिरासाठी भौगोलिक मानांकन मिळवलेला चर्मोद्योगही त्याच शहरात आहे. शस्त्र विकताना त्याच्याच मापाचं होल्स्टर सोबत का देऊ नये, याला मला पटेल असं उत्तर अजून सापडलेलं नाही. मरून पेटी देता येते तर हेही देता येईल.

तिसरा मुद्दा झिजेचा. कडक प्लास्टिक पॉलिश घासतं, ओरखडे पाडतं, हे सगळे मान्य करतात. त्यानं शस्त्राच्या कामात काही फरक पडतो का, यावर मतं वेगळी आहेत. जुन्या, निळसर झाकेच्या विलायती रिव्हॉल्व्हरचे मालक कायडेक्सच्या वाटेला जात नाहीत. त्यांच्यासाठी किंमत झाकेची असते.

आज स्थिती अशी आहे. एकाच चौकटीच्या, सारख्याच खालच्या कवचाच्या आणि सारख्याच घोड्याच्या दोन रिव्हॉल्व्हरांना एक घडीव होल्स्टर चालतं, बोअर वेगळा असला तरी. वेगवेगळ्या कंपन्यांच्या लहान रिव्हॉल्व्हरांना कडक होल्स्टर क्वचितच नीट बसतं, कातडी थोडं जास्त वेळा. कानपूरच्या मधून मोडणाऱ्या रिव्हॉल्व्हरला अमेरिकी साच्याचं होल्स्टर घेऊ नये. प्रबलसाठी ते घेण्याआधी तपासावं. तपासणी घरीच होते. आधी सिलिंडर उघडून एकही काडतूस नाही याची डोळ्यांनी खात्री करा, काडतुसं दुसऱ्या खोलीत ठेवा. मग रिव्हॉल्व्हर होल्स्टरमध्ये घालून, अंथरुणावर उलटं धरून हलवा. चापाच्या कडीत करंगळी शिरते का पाहा. काढताना पट्टा वर येतो का पाहा, वरची कळ दाबली जाते का पाहा. यातली एक जरी कसोटी चुकली तर दुकानदारानं सांगितलेल्या नावांची यादी बाजूला ठेवा आणि होल्स्टर परत करा.